एक सुपारी कमी

"पान त्रेसष्ट काढा," ती म्हणाली.

मी दार उघडून "कोण पाहिजे?" एवढंच विचारलं होतं. उंबऱ्यापलीकडे पन्नाशी ओलांडलेली, उन्हाने रापलेली एक बाई उभी होती. पदर कानामागे घट्ट खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी, तीही इतकी जड की एक खांदा कलला होता, आणि हातात माझं पुस्तक. 'उल्का-परिचय', लेखक प्रा. श्रीकृष्ण उकिडवे. स्वतःचं पुस्तक परक्याच्या हातात दिसलं की लेखकाचा चेहरा आपोआप मवाळ होतो. त्यातून मला तसा योग चौदा वर्षांत तीन-चारदाच आला होता. मी म्हणालो, "या ना, आत या."

गोष्ट पंचाण्णव सालच्या मार्चमधली, कऱ्हाडची. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलो होतो आणि नेमकी त्याच आठवड्यात 'उल्का-परिचय'च्या सुधारित आवृत्तीची प्रुफं टेबलावर येऊन पडली होती. ही आवृत्ती वाचकांच्या मागणीमुळे निघत होती असं म्हणायला मला आवडलं असतं. खरी हकिगत अशी की आमचे प्रकाशक शिराळकर यांच्या गोदामात पहिल्या आवृत्तीच्या तीनशे प्रती धूळ खात होत्या. साक्षरता अभियान आलं तेव्हा त्यांनी त्या सगळ्या खेड्यापाड्यांतल्या वर्गांना फुकट वाटून टाकल्या. गोदाम मोकळं झालं आणि पुण्यही गाठीला लागलं. पुढे कुणा अधिकाऱ्याला हा दानशूरपणा इतका आवडला की त्याने नव्या दोन हजार प्रती मागवल्या.

"सर, सुधारित म्हणजे फार सुधारू नका हं," शिराळकरांनी फोनवर बजावलं होतं. "जुन्या पानांचेच फोटो काढून छापणार आहे. तीन ओळी बदलायच्या असतील तर तिथे तीनच ओळी बसल्या पाहिजेत. चौथी झाली की पुढची सगळी पानं सरकतात, आणि मग खर्च सरकतो."

मी एकेचाळीस दुरुस्त्या काढल्या होत्या. आदल्या वर्षी गुरूवर धूमकेतू आदळला होता, तो शेवटच्या अर्ध्या कोऱ्या पानावर बसवला होता. काही आकडे, दोन तारखा, एका नकाशातली नदी. पान त्रेसष्टावर एकही दुरुस्ती नव्हती.

बाई खुर्चीच्या कडेवर बसली. पिशवी तिने पायाशी ठेवली तेव्हा फरशीवर लोखंड वाजलं.

"मी सोजराबाई काळेल," ती म्हणाली. "हिंगनतळची."

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

हिंगणतळ माण तालुक्यात आहे. शहात्तर साली एका सकाळी तिथे आभाळ गडगडून एक दगड पडला, तो काळेलांच्या मेंढरं कोंडायच्या वाडग्यात. एका विद्यार्थ्याकडून मला हे कळायला दोन वर्षं लागली. कळल्यावर मी पहिल्या एस.टी.ने गेलो आणि दगड घेऊन आलो. नारळाएवढा, वरून काळी जळकी साल, आणि अंगावर खळगे, ओल्या मातीत कुणी अंगठा दाबावा तसे. असा दगड सापडला की कलकत्त्याच्या सरकारी खात्याकडे जमा करायचा असा नियम. मी तो जमा केला. नोकरीच्या पस्तीस वर्षांत मी स्वतःच्या हाताने मिळवलेली ती एकुलती एक उल्का. पान त्रेसष्ट तिच्यावर होतं.

"काढलं का पान?"

"बाई, मीच लिहिलंय ते. मला ठाऊक आहे काय आहे ते."

"मंग मी वाचते."

तिने पुस्तक उघडलं. खूण घातलेली नव्हती, पण पान एका झटक्यात निघालं. ओळीखाली बोट धरून, ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकत जावं तशी ती एकेका शब्दावर टेकत वाचू लागली.

"'दुर्दैवाने, ज्या अडाणी स्त्रीच्या घरी ही उल्का दोन वर्षे पडून होती, तिने आत सोने आहे की काय हे पाहण्यासाठी तिचा एक कोपरा फोडून टाकल्याने विज्ञानाचे अपरिमित नुकसान झाले आहे. उल्केचे वजन एक किलो नऊशे पन्नास ग्रॅम भरले.'"

बोट उचलून तिने माझ्याकडे पाहिलं. "ही अडानी स्त्री म्हंजी मी."

"हे बघा, तो शब्द जरा…" मी घाईने म्हणालो. "त्या काळची भाषा होती ती. आपण काढून टाकू. ह्याच आवृत्तीत काढू."

"त्यो ऱ्हाऊ द्या. व्हतेच मी अडानी. गेल्या साली अक्षरं शिकले, आन ह्ये माजं पयलं पुस्तक. समदा गाव म्हनला, सोजरे, तुज्या धोंड्याचं पुस्तक आलंय, तूच वाच. चावडीवर बसून समद्यांम्होरं वाचाय घेतलं. 'फोडून' पातुर आले आन थांबले. म्हनलं, आपल्यालाच नीट वाचता येत नसंल." तिने पुस्तक मिटलं. "वर्गाच्या मास्तरनी पुढचं वाचून टाकलं. मला बराबर वाचता येत व्हतं."

मी पंख्याचा वेग कमी केला.

"फोडला त्ये काढा," ती म्हणाली. "मी धोंडा फोडला न्हाई."

मग तिने मला जे सांगितलं ते मी दगड आणायला गेलो तेव्हाच दिसायला हवं होतं. पण तेव्हा मला दगडाखेरीज काही दिसत नव्हतं. हिंगणतळला मेंढरं कातरली की बायका लोकर पिंजून सूत काढतात आणि घोंगडं विणणाऱ्या सणगराकडे देतात. एका घोंगड्याचं सूत किती, ते आधी तोलायचं आणि त्याच वजनाचं घोंगडं परत घ्यायचं. हे तोलायचं काम गावात सोजराबाईच्या तागडीवर व्हायचं. तिच्या सासूच्या वेळेपासून व्हायचं. आणि आभाळातून पडलेला दगड नेमका एका घोंगड्याच्या सुताएवढा भरला, म्हणून दोन वर्षं तेच माप होतं. मी "पडून होती" असं लिहिलं होतं. उल्का पडून नव्हती, ती कामाला होती.

"आता लोक म्हनत्यात, जिनं मापच फोडलं तिच्या तागडीवर भरवसा काय? घोंगड्यामागं पाव किलो सूत कुठं गेलं? सणगर म्हनतो, पुस्तकात छापलंय, पुस्तक खोटं बोलंल व्हय?" तिचा आवाज चढला नाही. "तीस वर्सं म्या तोललं, सायेब. कुनाचा एक धागा इकडचा तिकडं न्हाई. ह्या कातरणीला एक बाई माज्या दारात आली न्हाई. समद्या खालच्या आळीला वान्याच्या काट्यावर गेल्या."

तेव्हा मी जे केलं ते सांगायला आजही जीभ रेटत नाही. मी खुर्चीत ताठ बसलो आणि ज्या आवाजात पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं त्या आवाजात म्हणालो, "सोजराबाई, मला तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण हे शास्त्र आहे. शास्त्रात पुराव्याशिवाय छापलेलं बदलता येत नाही."

"म्हनून तर पुरावा घिऊन आले," ती म्हणाली आणि पिशवीकडे वाकली.

पिशवीतून आधी तागडी निघाली. मग दोन किलोचं माप, दोनशेचं, पन्नासचं. मग फडक्यात बांधलेला एक घडीव काळा दगड. आणि सगळ्यांत शेवटी, कनवटीला खोचलेल्या पुरचुंडीतून, तीन सुपाऱ्या.

"तुमी धोंडा मागाय आला तवा मी म्हनलं व्हतं, जरा थांबा. ध्यानात हाय? तुमी भाईर बाजंवर च्या पीत बसला व्हता. मी आत त्येचं वजन करून घेत व्हते. माप चाललं, तर त्येच्याजागी दुसरं नगं का? दोन किलोचं, दोनशेचं, आन वर ह्या तीन सुपाऱ्या, तवा काटा बसला. मागनं वडाराकडनं ह्यो धोंडा तेवढाच घडवून घेतला. सुपाऱ्या त्याच हायत्या. सतरा वर्सं देवापाशी ठेवल्या."

तिने तागडी धरली. एका पारड्यात घडीव दगड, दुसऱ्यात दोन किलो, दोनशे आणि तीन सुपाऱ्या. काटा डुलला, थांबला, आणि मधोमध उभा राहिला. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत इतका चांगला काटा मी पाहिलेला नव्हता.

"तुमचा आकडा एक किलो साडेनऊशे. माजा ह्यो. फरक किती? पाव किलो आन तीन सुपाऱ्या." तिने तागडी खाली ठेवली. "तुमी धोंडा घिऊन गाडीत बसला तवा त्यो पुरा व्हता. मग पाव किलो आन तीन सुपाऱ्या गेल्या कुठं?"

त्याच वेळी आमची कुमुद चहा घेऊन बाहेर आली.

कुमुदबद्दल सांगायचं तर ती पाहुण्याला चहाबरोबर नवऱ्याचं कौतुकही वाढत असे. दोन्हीत साखर जरा जास्तच. "हिंगणतळच्या का तुम्ही? अगंबाई!" ती म्हणाली. "मग हे बघायलाच हवं तुम्ही." आणि तिने माझ्या टेबलावरच्या प्रुफांवर ठेवलेला काळा दगडाचा तुकडा उचलून सोजराबाईच्या हातात दिला. "तुमच्याच गावच्या उल्केचा बरं का! कलकत्त्याच्या मोठ्या लोकांनी ह्यांना मुद्दाम भेट म्हणून पाठवला. सतरा वर्षं झाली. हे कुणाला हातसुद्धा लावू देत नाहीत."

मी पंख्याकडे पाहत राहिलो. तुकडा उचलल्यामुळे पानं फडफडू लागली होती आणि पान त्रेसष्ट सगळ्यांत वर होतं.

सोजराबाईने तुकडा तळहातावर फिरवला. एका बाजूला जळकी साल, दुसऱ्या बाजूला फोडलेला करडा भाग. सालीच्या बाजूला एक खोल खळगा होता. तिने न पाहता उजवा अंगठा त्यात ठेवला. तो असा बसला की मधे नखाएवढीही जागा उरली नाही. दोन वर्षं दिवसातून दहादा तिने तो दगड ह्याच खळग्यात अंगठा घालून उचलला होता.

तिने घडीव दगड काढून तुकडा पारड्यात टाकला. दुसऱ्या पारड्यात दोनशे आणि पन्नास. तुकडा खाली राहिला. एक सुपारी टाकली. दुसरी टाकली. काटा मधोमध आला. तिसरी टाकली, तर सुपाऱ्यांचं पारडं खाली गेलं. तिने तिसरी उचलून पुन्हा पाहिलं. दोनच.

"अहो," कुमुद हळूच मला म्हणाली, "हे काय चाललंय?"

हातच्या कांकणाला आरसा कशाला? कुमुद हुशार बाई. तिने पारड्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कपबश्या तशाच ठेवून ती आत गेली. त्या दिवशी चहात कुणी साखर ढवळली नाही.

आता सांगूनच टाकतो. हिंगणतळहून परतताना माझी एस.टी. चुकली आणि मी वाटेत सरकारी विश्रामगृहावर थांबलो. मागच्या अंगणात कडुनिंब होता. त्याच्या बुंध्याशी बसून मी दगड मांडीवर घेतला आणि तासभर पाहत राहिलो. उद्या तो पेटीत भरून कलकत्त्याला जाणार, तिथे त्याला क्रमांक मिळणार, त्याच्यावर दुसरे कुणीतरी निबंध लिहिणार. माझ्या वाट्याला पोचपावती. मला तो हवा होता, बस्स. ह्याहून मोठं कारण नाही. हातोडी पिशवीत होतीच. दोन घाव घातले आणि कोपरा सुटला. मग अहवालात ताज्या फोडीचं काहीतरी कारण द्यावं लागणार होतं, आणि जिला वाचता येत नाही अशी एक बाई आयती होती.

"एक सुपारी कमी हाय," सोजराबाई म्हणाली.

"काय?"

"पाव किलो आन तीन पायजेत. भरल्या दोन. एक सुपारी कुठं गेली?"

मी तिच्या रडण्याची तयारी ठेवली होती, शिव्या खाण्याचीही ठेवली होती. "चुरा झाला असेल," मी पुटपुटलो. "फोडताना… कण उडतात."

फोडताना हा शब्द माझ्या तोंडून गेला तेव्हा मला कळला. तिने मान हलवली, जणू ती एवढ्याचसाठी थांबली होती.

"सोजराबाई, मी तुमचे पाय धरतो…"

"माजे पाय कशाला? मला तुमाला चोर म्हनायचं न्हाई. वैनी चांगली हाय." ती मापं पिशवीत भरू लागली. "माज्याकडं धोंडा व्हता तवा पुरा व्हता, यवढं लिवा. पुढं काय लिवायचं त्ये तुमी शिकल्याले लोक, तुमाला ठावं. आन तुमीच छापलंय की म्होरल्या पानावर, चुका दिसल्या तर कळवा, पुढच्या बारीला सुधारू. पत्ता बी दिलाय. त्यो बघूनच आले."

खरंच, ते वाक्य मीच लिहिलं होतं. सगळेच लेखक लिहितात. चौदा वर्षांत कुणी ते खरं मानलं नव्हतं.

जाताना तिने तिसरी सुपारी माझ्या टेबलावर ठेवली. "ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. तेवढ्याचा मेळ बसला की धाडून द्या."

पुढचे चार दिवस मी पान त्रेसष्ट सुधारत होतो. तीन ओळी काढून तीन ओळी बसवायच्या. काम सोपं वाटलं होतं. पण दगड तिच्या घरातून अख्खा निघाला असं लिहिलं की तो पुढे कुणीतरी फोडायला हवा, आणि पुढे तो माझ्याचजवळ होता. माझ्याकडे शब्दांची वानवा नव्हती. पहिल्या खर्ड्यात मी एस.टी.च्या प्रवासातले धक्के आणले आणि वर एक निष्काळजी कंडक्टर बसवला. दुसऱ्यात पार्सल खात्यातला हमाल आला. तिसऱ्यात 'विश्रामगृहाच्या चौकीदाराने कुतूहलापोटी' असं लिहिलं. हा खर्डा मला आवडला, कारण त्यात जागाही खरी होती आणि कुतूहल हा शब्द कसा दयाळू वाटतो.

कुमुद चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती. पण माझी प्रुफं वाचण्याचं काम तिने तीस वर्षं केलं होतं, ते तिने सोडलं नाही. तिसरा खर्डा वाचून तिने कागद टेबलावर ठेवला.

"चौकीदाराच्या घरात कुणी शिकत नाही ना?" तिने विचारलं. "नीट चौकशी केलीत ना?"

"कुमुद…"

"नाही, विचारते. नाहीतर तोही येईल चौदा वर्षांनी. कंडक्टर तर शिकलेलेच असतात." दारापाशी जाऊन ती थांबली. "सतरा वर्षं मी आल्यागेल्याला सांगितलं. कलकत्त्याहून आला, कलकत्त्याहून आला. माझ्या आईलासुद्धा."

एवढं बोलून ती आत गेली. मी तिन्ही खर्डे पुढ्यात ओढले. तिन्हींत एक माणूस होता आणि तिन्ही माणसं मी एकाच कारणाने निवडली होती: ती माझं पुस्तक वाचणार नाहीत. आता कोण कधी वाचायला शिकेल ह्याचा नेम राहिला नव्हता. शेवटी ज्याला वाचता येत होतं आणि तरी जो तक्रार करायला येणार नव्हता असा एकच माणूस उरला. मी लिहिलं:

'ही उल्का श्रीमती सोजराबाई काळेल यांनी दिली तेव्हा अखंड होती. त्यांच्या अचूक तोलानुसार वजन २ किलो २२० ग्रॅम. तिचा कोपरा प्रस्तुत लेखकाने हातोडीने फोडून स्वतःजवळ ठेवला व दोष त्यांच्यावर ढकलला. पहिल्या आवृत्तीतील मजकूर खोटा आहे.'

मोजलं. तीन ओळी. शिराळकरांना फोन केला. "शिराळकर, पान त्रेसष्टावर एक गंभीर बदल आहे. तुम्ही स्वतः वाचून मग ठरवा."

"ओळी तीनच आहेत ना?"

"तीनच आहेत."

"मग वाचायचं काय त्यात? पाठवून द्या."

तुकडाही मी त्याच आठवड्यात कबुलीच्या पत्रासह कलकत्त्याला पाठवला. आवृत्ती जूनमध्ये बाहेर पडली आणि मी वादळाची वाट पाहू लागलो. खात्याची नोटीस येईल, वर्तमानपत्रांत टीका होईल, निवृत्तीच्या समारंभाला कुणी येणार नाही, अशा सगळ्या तयारीत होतो. पहाटे उठून पेपर मीच आधी उचलत होतो.

काहीही झालं नाही. कलकत्त्याहून छापील पोच आली, 'नमुना मिळाला, आभारी आहोत', खाली सही वाचता येत नव्हती. एका रविवारच्या पुरवणीत परीक्षण आलं. त्यात नव्या मुखपृष्ठाची स्तुती होती आणि 'लेखकाची सचोटी पानोपानी जाणवते' असं म्हटलं होतं. निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यांनी मला शाल पांघरली आणि पुस्तकाची प्रत उंच धरून म्हणाले की सत्याची चाड कशी असावी ते उकिडवे सरांकडून शिकावं. टाळ्या झाल्या. मला एकदा वाटलं, उठून ओरडावं की अहो, पान त्रेसष्ट वाचा! कुमुद पहिल्या रांगेत बसली होती. ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा हसली, आणि ते हसू काही प्राचार्यांच्या भाषणाला नव्हतं. दोन हजार प्रती सुटल्या होत्या, माझी चोरी त्यांत ठळक टाइपात छापली होती, आणि ती वाचायला महाराष्ट्रात एकही माणूस मिळत नव्हता.

एक मिळाला. ऑगस्टमध्ये पोस्टकार्ड आलं. अक्षर मोठं, ओळी तिरक्या, पण खाडाखोड नाही.

'उकिडवे सायेबास सोजराबाईचा नमस्कार. पुस्तक मिळालं. पान ६३ वाचलं. चावडीवर बी वाचलं. ह्या टायमाला थांबले न्हाई. सणगर गप बसला. बायका तागडीवर येत्यात. वैनीस सांगा. एक सुपारी तुमच्यापाशी ऱ्हायली हाय.'

शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढली होती.

मला वाटत होतं की मी सगळं दिलं. तुकडा दिला, नाव दिलं, अब्रू द्यायला काढली, ती कुणी घेतली नाही म्हणून माझ्याकडे परत आली. पण ह्या बाईच्या तागडीवर अब्रूचं वजन होत नव्हतं. तिचा काटा अजून एका सुपारीने कलता होता.

पुढच्या रविवारी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मोठं लोहचुंबक मागून घेतलं, सुपारी खिशात टाकली आणि विश्रामगृहाची एस.टी. पकडली. उल्केत लोखंड असतं, कण राहिले असतील तर चुंबकाला चिकटतील, असा हिशेब. कडुनिंब तिथेच होता, बुंधा दुप्पट झाला होता. पायरीवर एक म्हातारा चष्मा लावून पेपर वाचत बसला होता. मी ओळखलं. माझ्या तिसऱ्या खर्ड्यातला चौकीदार. तो छोट्या जाहिराती वाचत होता, तेही ओठ न हलवता.

मी झाडाखाली गुडघे टेकले आणि चुंबक मातीवरून फिरवलं. उचललं तर त्याला काळ्या कणांची दाट मिशी फुटली होती. क्षणभर वाटलं, सापडले. मग आठवलं की मी भूगर्भशास्त्र शिकवत असे. आमच्या दख्खनच्या काळ्या मातीत लोहाचे कण मुठीमुठीने असतात, चुंबक कुठेही टेकवा, अशीच मिशी फुटते. ह्यांतले आभाळातले कुठले आणि इथलेच कुठले हे सांगायला अख्खा जन्म पुरला नसता. तरी मी ते कागदावर झटकले आणि चुंबक पुन्हा टेकवलं.

बऱ्याच वेळाने पायरीवरून आवाज आला. "काय हरवलंय, सायेब?"

"सुपारी," मी म्हणालो. "सतरा वर्षांपूर्वी इथेच पडली."

म्हाताऱ्याने चष्मा काढून मला नीट न्याहाळलं. मला ओळखलं नाही, पण माझी कीव केली. तो गुडघ्यांवर हात देत उठला, जवळ आला आणि बंडीच्या खिशातून एक अख्खी सुपारी काढून माझ्या मातीने भरलेल्या तळहातावर ठेवली.

"घ्या ही. एका सुपारीसाठी कोन यवढं गुडघं घासतंय का?"

मी त्याचे आभार मानले आणि ती खिशात पहिलीच्या शेजारी टाकली. आता माझ्याकडे दोन सुपाऱ्या झाल्या होत्या, आणि एक कमीच होती.